कुत्र्यासाठी कॉम्प्युटर गेम: क्लेव्हरपेट हब घ्यावा की घरचाच टचस्क्रीन वापरावा?

फ्लॅटमधला कुत्रा दिवसातून दोनदा फिरून येतो, दोनदा जेवतो आणि उरलेला वेळ दाराकडे बघत काढतो. पाय थकतात, डोक्याला मात्र काम मिळत नाही. मग सोफ्याचे कोपरे कुरतडणं, जिन्यात वाजलेल्या प्रत्येक पावलावर भुंकणं आणि स्वतःचेच पंजे चाटत बसणं सुरू होतं. अशा कुत्र्यांना कॉम्प्युटर गेमसारखं काम देणाऱ्या साधनांत सगळ्यात विचारपूर्वक बनवलेलं यंत्र म्हणजे अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या क्लेव्हरपेट कंपनीचा ‘हब’. हे परीक्षण मुख्यतः त्याचं आहे. पण त्याच कल्पनेवर घरच्या टचस्क्रीनवर काय उभं करता येतं, तेही तपशिलात सांगतो, कारण बहुतेक घरांसाठी आमची शिफारस तीच आहे.

हबची कल्पना मेंदू आणि आकलनाचा अभ्यास करणाऱ्या लोकांची. लिओ ट्रॉटियर आणि डॅनियल नडसेन यांनी २०१४ मध्ये किकस्टार्टरवर त्यासाठी लोकांकडून पैसे उभे केले. बाजारात आला तेव्हा किंमत २९९ डॉलर होती. पांढऱ्या प्लास्टिकचा घुमट, समोर तीन मोठे टचपॅड, आत कोरड्या खाद्याची टाकी, एक स्पीकर, आणि खालून बाहेर येणारी छोटी तबकडी. पॅड उजळतात, कुत्रा नाकाने किंवा पंजाने योग्य पॅड दाबतो, आवाज येतो, तबकडी दाणे घेऊन बाहेर येते आणि ठरावीक वेळाने आत जाते. दाणे खाल्ले की तसेच राहिले, हे यंत्राला कळतं. हे महत्त्वाचं आहे. खाल्लेलं नसेल तर कुत्र्याचं पोट भरलंय किंवा तो घाबरलाय, आणि अशा वेळी गेम पुढे रेटण्यात काही अर्थ नसतो.

पॅडचे दिवे निळे आणि पिवळे आहेत, हाही नीट विचार करून घेतलेला निर्णय. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. निळा आणि पिवळा त्याला वेगळे दिसतात, पण लाल आणि हिरवा यांच्यात त्याची गल्लत होते. कुत्र्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी खेळण्यांवर लाल-हिरव्या खुणा असतात. त्या विकत घेणाऱ्या माणसासाठी.

हबचं खरं बलस्थान त्याच्या पायऱ्यांत आहे. पहिल्या टप्प्यात कुत्र्याने काहीच करायचं नसतं. तबकडी बाहेर येते, थांबते, आत जाते. मोटरचा आवाज आणि हलणारी तबकडी यांची सवय व्हावी, एवढाच हेतू. मग कोणताही पॅड दाबला की दाणा. त्यानंतर न उजळलेला पॅड टाळायचा, मग उजळलेला पॅड शोधायचा, मग तेच वेळेत करायचं. पुढे जास्त प्रखर उजळलेला पॅड ओळखणं, दोन पॅडचा क्रम लक्षात ठेवणं, लांब क्रम आणि रंग जुळवणं इथपर्यंत मजल जाते. कुत्रा किती बरोबर करतोय हे बघून यंत्रच अडचण वाढवतं किंवा कमी करतं. चांगला ट्रेनर हेच करतो: नवं काम छोट्या तुकड्यांत देतो आणि आधीचा तुकडा पक्का झाल्याशिवाय पुढचा देत नाही.

अडतं कुठे? जवळजवळ नेहमी तिसऱ्या वळणावर, म्हणजे ‘न उजळलेला पॅड टाळा’ इथे. आदल्या टप्प्यात कुठलाही पॅड दाबला तरी खाऊ मिळत होता. आता तीच कृती अचानक फुकट जाते. कुत्रा आधी जोरात दाबतो, मग पंजा मारतो, मग भुंकतो, आणि घुमट चावायलाही कमी करत नाही. पूर्वी मिळणारं बक्षीस थांबलं की वागणं काही काळ उलट वाढतं, हा शिकण्याचा नियमच आहे. या दिवसांत माणसाने खोलीत थांबावं, सत्र पाच मिनिटांचं ठेवावं, आणि कुत्रा सलग तीन-चारदा चुकला तर यंत्र बंद करून तासाभराने पुन्हा लावावं. ‘शिकेल आपोआप’ म्हणून त्याला यंत्राजवळ सोडून ऑफिसला गेलात, तर तो शिकतोच, पण घुमट पाडला की दाणे सांडतात हे शिकतो. यंत्र कोपऱ्यात दोन भिंतींना टेकवून, खाली रबरी मॅट घालून ठेवलं की पाडणं अवघड जातं.

आता आपल्याकडच्या घरांत हब वापरताना येणाऱ्या अडचणी. पहिली म्हणजे खाणं. हबला कोरडे, छोटे, एकसारखे दाणे लागतात. ज्या घरात कुत्रा दूध-पोळी, दही-भात, उकडलेलं चिकन खातो, तिथे हब निरुपयोगी आहे. हबसाठी कुत्र्याचं अन्न बदलू नका. बदलायचंच असेल तर ते स्वतंत्र कारणासाठी, डॉक्टरांना विचारून आणि सात ते दहा दिवसांत हळूहळू. दुसरी अडचण पावसाळ्याची. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत किबल, म्हणजे हे कोरडं दाणेदार खाद्य, ओलावा धरतं, दाणे मऊ होऊन एकमेकांना चिकटतात, आणि दाणे सोडणारी चकती अडकते. टाकीत एका दिवसाचंच खाद्य भरा, रात्री टाकी रिकामी करा, तबकडी आणि खालची जागा कोरड्या फडक्याने पुसा. दाण्यांवरच्या चरबीचा थर प्लास्टिकला बसतो. तो आठवड्यातून एकदा पुसला नाही तर खवट वास येतो आणि मुंग्या हमखास लागतात. मुंग्या एकदा आत शिरल्या की कुत्रा तबकडीला नाक लावायलाच तयार होत नाही, आणि तो धसका मुंग्या गेल्यावरही टिकतो.

तिसरी अडचण विजेची आणि इंटरनेटची. ॲडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलं असेल तर फक्त पिनचा कन्व्हर्टर पुरतो. नुसतं ११० किंवा १२० छापलं असेल तर मूळ ॲडॉप्टरवर ‘आउटपुट’पुढे छापलंय तेवढ्याच व्होल्टचा आणि अँपिअरचा आउटपुट देणारा, इथल्या विजेवर चालणारा ॲडॉप्टर घ्या. वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं. हल्लीचे राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने देतात, तिथे हब जोडताना अडतो. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ला वेगळं नाव द्या, काम होतं. वीज गेली की गेम अर्धवट थांबतो, त्यामुळे इन्व्हर्टरच्या लाइनवर लावलेला बरा.

आवाजाबद्दल सावध राहा. दिवाळीच्या फटाक्यांनी पलंगाखाली जाणारा कुत्रा मोटरच्या घरघरीलाही दचकू शकतो. रस्त्यावरून घरी आणलेल्या बऱ्याच इंडी कुत्र्यांना नवी, हलणारी वस्तू संशयास्पद वाटते. त्यांच्यासाठी हब पहिले दोन-तीन दिवस बंदच ठेवा आणि आजूबाजूला खाऊ टाका. मग फोनवर मोटरचा आवाज रेकॉर्ड करून अगदी कमी आवाजात ऐकवा, प्रत्येक वेळी लगेच खाऊ. कान मागे न जाता कुत्रा तुमच्या हाताकडे बघायला लागला की आवाज थोडा वाढवा. या कामाला आठवडा गेला तरी चालेल. पहिल्याच दिवशी बसलेला धक्का काढायला महिना लागतो.

एकंदरीत हबचा अभ्यासक्रम उत्तम, यांत्रिक भाग बरा, आणि इंटरनेटवरचं अवलंबित्व ही कमजोर बाजू. नवा हब सहजासहजी हाती लागत नाही. वापरलेला घेताना विक्रेत्याकडून चालू यंत्राचा व्हिडिओ मागवा: तिन्ही पॅड निळे आणि पिवळे दोन्ही उजळतात का, तबकडी न अडखळता बाहेर-आत होते का, टाकी भरलेली असताना सलग दहा वेळा दाणा पडतो का. हॅकरपेट या नावाने त्याचे गेम आणि कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर खुले केलेले आहेत. सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा येणाऱ्याला स्वतःचे गेम लिहिता येतात. ज्यांना त्यात रस आहे त्यांनी जुना हब जरूर घ्यावा. बाकीच्यांनी पुढचं वाचावं.

टचस्क्रीनचा मार्ग

कुत्र्याला टचस्क्रीनवर शिकवण्याचं सगळ्यात भक्कम काम व्हिएन्नात झालं आहे. तिथल्या पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या क्लेव्हर डॉग लॅबमध्ये लुडविग ह्युबर, फ्रिडेरिके रेंज, लिसा वॉलिस वगैरे संशोधकांनी घरांतल्या पाळीव कुत्र्यांना पडद्यावरच्या दोन चित्रांतून एक नाकाने निवडायला शिकवलं. २०१५ मध्ये त्यांनी दाखवलं की माणसाचा हसरा आणि रागावलेला चेहरा कुत्रे वेगळा ओळखतात, चेहऱ्याचा फक्त वरचा किंवा फक्त खालचा अर्धा भाग दाखवला तरी. २०१६ चा अभ्यास आपल्या कामाचा जास्त आहे. त्यात ५ महिने ते १३ वर्षं वयाचे ९५ बॉर्डर कॉली होते. म्हाताऱ्या कुत्र्यांना नवं शिकायला जास्त प्रयत्न लागले आणि शिकलेलं बदलणं जड गेलं. पण नको ते वगळून उत्तर काढण्यात ते तरुणांपेक्षा सरस ठरले, आणि सहा महिन्यांनी तपासलं तेव्हा शिकलेलं लक्षात ठेवण्यात वयाचा फरक दिसला नाही. याच गटाने पुढे म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी स्क्रीनवरचे खेळ घराघरांत पोचवावेत अशी कल्पना मांडली. सांधे दुखतात म्हणून लांब फिरता न येणाऱ्या कुत्र्याला हे काम देता येतं, हा त्यातला सगळ्यात मोठा फायदा. याच्याही आधी, २००५ मध्ये, म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांवरच्या दीर्घ अभ्यासात डोक्याला काम आणि अँटिऑक्सिडंटयुक्त आहार या दोन्हींचा एकत्र परिणाम शिकण्याच्या क्षमतेवर चांगला झालेला दिसला होता. ‘आता कशाला त्याला शिकवायचं, म्हातारा झाला’ असं म्हणणाऱ्यांनी हे दोन अभ्यास ध्यानात ठेवावेत.

पडदा कुठला घ्यावा? लॅपटॉप, टॅबलेट आणि फोन यांचे पडदे कपॅसिटिव्ह, म्हणजे स्पर्शाने होणारा विजेचा बारीक बदल ओळखणारे असतात. ओल्या नाकाला ते उत्तम प्रतिसाद देतात, पण लाळेचा थेंब ओघळला की त्यालाही स्पर्श समजतात. कुत्र्याचं नाक कोरडं पडलं असेल तर उलटी तक्रार, नाक लावलं तरी नोंद होत नाही. इन्फ्रारेड फ्रेम असलेल्या मॉनिटरला ओलं-कोरडं सारखंच. पडद्यासमोरच्या किरणांच्या जाळीत काहीही आलं की स्पर्श. व्हिएन्नातल्या उपकरणातही इन्फ्रारेड फ्रेमच आहे. फक्त फ्रेमच्या कडेला केस आणि धूळ साचली की खोटे स्पर्श सुरू होतात, ती रोज पुसावी लागते. सुरुवातीला घरात पडून असलेला १५.६ इंची टच लॅपटॉप किंवा ऑल-इन-वन पुरेसा आहे. बुटक्या जातींना १० इंची टॅबलेट चालतो. फोन नको. कुत्र्याचं नाक पडद्याला टेकतं तेव्हा तो काय दाबतोय हे त्याला दिसतच नाही, त्यामुळे खूण निदान सात-आठ सेंटिमीटरची आणि दोन खुणांत चार सेंटिमीटरचं अंतर हवं. १० इंची पडदा साधारण २१ सेंटिमीटर रुंद असतो, त्यात जेमतेम दोन खुणा बसतात. फोनवर एकही नीट बसत नाही.

गेमसाठी ॲप शोधत बसू नका. मांजरांसाठीची पळणारे किडे आणि मासे दाखवणारी ॲप तर कुत्र्यासमोर मुळीच ठेवू नका. त्यात पाठलाग आहे आणि हाती काहीच लागत नाही. लेझरच्या ठिपक्यामागे पळून काही कुत्रे जसे दिवसभर भिंतीवर सावल्या शोधत फिरतात, तोच धोका इथेही. बॉर्डर कॉलीसारख्या मेंढ्या हाकणाऱ्या जातींत तो जास्त.

विंडोज लॅपटॉपवरचा पॉवरपॉइंट या कामाला फार चांगला आहे. नवी फाइल उघडली की स्लाइड ३३.८७ बाय १९.०५ सेंटिमीटरची असते आणि १५.६ इंची पडदा साधारण ३४.५ बाय १९.४ चा. म्हणजे स्लाइडवर ८ सेंटिमीटरचं वर्तुळ काढलं तर पडद्यावरही जवळपास तेवढंच दिसतं, हिशेब करावा लागत नाही. पार्श्वभूमी काळी ठेवा. खुणा फिक्या निळ्या किंवा पिवळ्या. पांढरी पार्श्वभूमी अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर येते आणि खूण उठून दिसत नाही.

स्लाइडचा क्रम असा लावा: काळी, प्रश्न, काळी, प्रश्न. काळ्या स्लाइडला ट्रान्झिशनमध्ये ‘३ सेकंदांनी पुढे’ ही वेळ द्या आणि क्लिकची खूण काढा. प्रश्नाच्या स्लाइडला वेळ देऊ नका, क्लिकची खूण तिथूनही काढा. बरोबर आकृतीवर इन्सर्ट मेन्यूतून ॲक्शन लावा: पुढची स्लाइड, आणि सोबत एक छोटा, नेहमी तोच आवाज. चुकीच्या आकृतीवर ॲक्शन: मागची स्लाइड, आवाज नाही. शेवटी स्लाइड शो सेटअपमध्ये ‘किऑस्क’ निवडा, म्हणजे लावलेल्या आकृत्यांखेरीज इतर कुठेही नाक लागलं तरी काही होत नाही. बाहेर पडायला एस्केप. बरोबर उत्तर दिलं की आवाज, काळा पडदा, तीन सेकंदांत खाऊ खाऊन होतो आणि नवा प्रश्न येतो. चुकलं की निमूट काळा पडदा आणि तीन सेकंदांनी तोच प्रश्न पुन्हा. कुत्र्याला रागावायची गरजच उरत नाही.

टॅबलेट वापरणार असाल तर आयपॅडवर गाइडेड ॲक्सेस आणि अँड्रॉइडवर स्क्रीन पिनिंग सुरू करा. नाहीतर नाकाच्या एका फटक्यात होम स्क्रीन येतो आणि दुसऱ्या फटक्यात कुणाला तरी फोन लागतो.

शिकवायचं कसं

पडदा लावण्याआधी, दुसऱ्या खोलीत, तो ठरलेला आवाज वाजवून लगेच खाऊ द्या. असं वीसेक वेळा. आवाज आणि खाऊ यांच्यात एक सेकंदापेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नका. आवाज झाला की कुत्रा मान वळवून तुमच्या हाताकडे बघू लागला, म्हणजे हा टप्पा झाला.

मग नाक टेकवणं. तळहात नाकापासून एका वितीवर धरा. वास घ्यायला नाक टेकलं की आवाज आणि खाऊ. दहा-पंधरा वेळा झालं की तळहातावर पिवळा चिकट कागद लावा, नाक कागदाला लागलं तरच खाऊ. हाच कागद मग बंद पडद्यावर चिकटवा. पडदा नेमका नाकाच्या उंचीवर, थोडा मागे कललेला, आणि जड स्टँडवर किंवा भिंतीला टेकलेला हवा. पडदा एकदा जरी अंगावर कलंडला तरी पुढचे कितीतरी दिवस कुत्रा जवळ येत नाही. उभं राहायच्या जागी रबरी मॅट घाला. गुळगुळीत टाइल्सवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय घसरतात आणि आपण समजतो त्याला गेमचा कंटाळा आला.

कागदाला बंद पडद्यावर नीट नाक लागू लागलं की पडदा चालू करा, मधोमध एकच वर्तुळ, कागद त्यावरच. कागद रोज कापून लहान करत न्या: पूर्ण, अर्धा, पाव, नाही. काही ट्रेनर पडद्यावर पीनट बटर चोपडतात. त्याने काम लवकर होतं, पण कुत्रा चाटायला शिकतो, आणि चाटलेला पडदा स्पर्श नीट ओळखत नाही. अगदीच अडलं तर टाचणीच्या डोक्याएवढं लावा. पीनट बटरमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही ना, हे आधी डब्यावर वाचा. कुत्र्याला ते विष आहे.

या टप्प्यावर नाक घासण्याची खोड लागते. पडद्यावर नाक टेकून सरकवलं की पडदा त्याला टॅप न मानता स्वाइप मानतो आणि काहीच होत नाही. कुत्र्याच्या बाजूने त्याने काम केलेलं असतं. म्हणून तळहाताच्या टप्प्यावरच छोटा, टोचल्यासारखा स्पर्श निवडा, रेंगाळणाऱ्या नाकाला खाऊ देऊ नका. पंजा मारणाऱ्या कुत्र्यासाठी पडदा पाच-सात सेंटिमीटर वर घ्या, पंजा सहज पोचत नाही आणि नाक पोचतं. टेम्पर्ड ग्लास लावलेली असावीच.

एकटं वर्तुळ वेगवेगळ्या जागी दाखवलं तरी कुत्रा जाऊन टोचतो, अशी स्थिती आली की दोन आकृत्या द्या: भरलेलं निळं वर्तुळ बरोबर, पोकळ पिवळा चौकोन चूक. वीस प्रश्नांत बरोबर आकृती दहा वेळा डावीकडे, दहा वेळा उजवीकडे. एकाच बाजूला सलग तीनपेक्षा जास्त वेळा नको. वीसपैकी सोळा बरोबर, आणि तेही लागोपाठ दोन सत्रांत, तर पुढे जा. वीसपैकी बाराच्या खाली गेला तर एक पायरी मागे. दहाच्या आसपास रेंगाळत असेल तर बहुधा तो फक्त एकच बाजू दाबतोय. डावी-उजवीची नोंद कागदावर ठेवली तर दोन मिनिटांत कळतं. मग दहा प्रश्न असे द्या की बरोबर उत्तर त्याच्या नावडत्या बाजूलाच असेल, आणि चुकीची आकृती लहान व फिकी करा.

सर्वात फसवी चूक माणसाच्या बाजूने होते. तुम्ही पडद्याशेजारी उभे राहून बरोबर आकृतीकडे बघत असाल, तर कुत्रा पडदा वाचत नाही, तुम्हाला वाचतो. बर्लिनचा क्लेव्हर हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो असं लोक मानत होते. १९०७ मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्टने दाखवलं की तो विचारणाऱ्याच्या अंगाच्या बारीक हालचाली टिपत होता. म्हणून कुत्र्याच्या मागे उभे राहा, नजर जमिनीकडे ठेवा, खाऊचा हात पाठीमागे. तुम्ही तिथून बाजूला झालात आणि गुण सोळावरून दहावर आले, तर आधीचे सोळा तुमचे होते.

सत्र पाच ते दहा मिनिटांचं, वीस-तीस प्रश्नांचं, दिवसातून एकदा किंवा दोनदा. जेवणानंतर लगेच नको, आणि उपाशी ठेवूनही नको. जेवणाआधी तास-दीड तास बरा. जांभया, ओठ चाटणं, मान फिरवणं, अचानक जमीन हुंगायला लागणं, या खुणा दिसल्या की एक सोपा प्रश्न देऊन, तो बरोबर आला की थांबा. दोन कुत्रे असतील तर दार बंद करून एकेकाला आत घ्या. खाऊ पडतो त्या जागेवरून भांडणं होतात, एरवी सख्खे असले तरी.

खाण्याचा हिशेब

गेमचा खाऊ रोजच्या जेवणातून वजा झालाच पाहिजे. किबलचा आठ-दहा मिलिमीटरचा दाणा साधारण ०.३ ते ०.४ ग्रॅमचा भरतो. दिवसाला ३०० ग्रॅम खाणाऱ्या लॅब्रॅडॉरसाठी त्यातले ६० ग्रॅम बाजूला काढले तर दीडशेहून अधिक बक्षिसं होतात. कोणत्याही सत्राला पुरतील. एका उत्तराला एकच दाणा. घरचं अन्न खाणाऱ्याला बिनमिठाचं उकडलेलं चिकन वाटाण्याच्या अर्ध्याएवढं कापून द्या, ५० ग्रॅममध्ये जवळपास शंभर तुकडे निघतात. शाकाहारी घरात पनीर, उकडलेलं गाजर चालतं. जेवणाबाहेरचा खाऊ असेल तर तो दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा अजिबात नको.

खाऊ हाताने द्यायचा नसेल तर रिमोटवर दाणे टाकणारं यंत्र घेता येतं. पशुवैद्य सोफिया यिन यांनी तयार केलेलं ट्रीट अँड ट्रेन हे यातलं चांगलं उदाहरण: आधी आवाज, मग दाणा, आणि वाडगा पडद्याखालीच ठेवता येतो. वाडगा दूर असेल तर कुत्रा प्रत्येक उत्तरानंतर धावत जातो आणि परत येईपर्यंत आपण काय दाबलं हे त्याच्यासाठी धूसर होतं. ब्रिटनमधल्या जॉयपॉ कंपनीने लाळेला दाद न देणारा टचस्क्रीन आणि खाऊचं यंत्र एकत्र केलेला कन्सोल बनवला आहे. कल्पना योग्य दिशेची आहे, कारण पडद्यावरची लाळ हीच घरगुती मांडणीतली रोजची कटकट.

मग कोणी काय घ्यावं? कुत्रा दिवसा तीन-चार तास एकटा असतो, किबल आवडीने खातो, मोटरच्या आवाजाला घाबरत नाही, आणि पहिला महिना रोज सोबत बसायची तुमची तयारी आहे, तर चालू स्थितीतला हब पैसे वसूल करतो. म्हातारा कुत्रा, घरचं अन्न खाणारा, बुजरा किंवा नुकताच रस्त्यावरून आलेला, यांच्यासाठी लॅपटॉप आणि तुमचा हात. पिल्लांना दात पक्के येईपर्यंत दोन्ही नको, वायर चावतात. आठ-नऊ वर्षं उलटलेल्या कुत्र्याला सुरू करण्याआधी डोळे एकदा तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर खूण १२ सेंटिमीटरची करा आणि निळ्याऐवजी पिवळी. ज्या कुत्र्याने आधीच सावल्यांचा किंवा उजेडाच्या कवडशांचा नाद धरला आहे, त्याला कोणताही स्क्रीन दाखवू नका; टॉवेलमध्ये गुंडाळलेला खाऊ शोधणं किंवा नीना ओटोसनची लाकडी-प्लास्टिकची कोडी त्याच्यासाठी योग्य.

पडदा प्रत्येक सत्रानंतर आधी ओल्या मायक्रोफायबरने, मग कोरड्याने पुसा. अल्कोहोलचा वाइप वापरलात तर वास जाईपर्यंत, म्हणजे निदान दहा-पंधरा मिनिटं, कुत्र्याला जवळ आणू नका. त्या वासाने तो तोंड फिरवतो, आणि नोंदवहीत मात्र ‘आज लक्ष नव्हतं’ असं लिहिलं जातं.